इतिहासाची पाठ

चित्रकार माणसाला समोरून काढतात, फार तर एका बाजूनं. मागून कोणी काढत नाही. एरवी यानं कोणाचं काही अडत नाही, पण पेशवाईच्या उतारकाळातला जामा आज जसाच्या तसा शिवायचं जिच्या डोक्यात बसलंय, तिचं पार अडतं. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1790 च्या दशकात पुण्यात होता. त्यानं सवाई माधवराव रंगवले, नाना फडणवीस रंगवले. त्याच्याच रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं 1805 साली पेशव्यांच्या दरबाराचं भलंमोठं चित्र केलं. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तहासाठी आलेला आहे, भोवती सरदार आणि मुत्सद्दी. अशा चित्रांतून पागोट्याचा पीळ मिळतो, शेल्याचा काठ मिळतो, गळ्याची कड मिळते. पण जाम्याच्या पाठीवर शिवण एक की दोन, कमरेच्या चुण्या कुठून सुरू होतात, मानेमागे गळा किती खोल, हे विचारायला जावं तर मंडळी आपली बैठकीला टेकून बसलेली, आणि एखादी पाठ दिसलीच तर तिच्यावर शाल. देवादिकांकडे जावं तर त्यांच्या मूर्ती भिंतीतच कोरलेल्या. शत्रूला पाठ दाखवायची नाही हा शूरांचा बाणा मला मान्य आहे. पण शिंप्याकडे पाहून तरी एखाद्यानं वळायला हवं होतं.

मी काय करते हे पाहुण्यांना समजावून सांगायला चहाचे दोन कप जातात. जुन्या काळातला कपडा त्या काळच्यासारख्या कापडाचा, त्या काळच्या रंगांचा, त्या काळच्या टाक्यांनी शिवायचा, आणि मग कोणाला तरी तो घालून उभं करायचं. माझ्या बाबतीत हा ‘कोणीतरी’ लग्नापासून ठरलेला आहे. परदेशात या वेडाची मोठी बिरादरी आहे. 1966 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला काही मित्रमंडळींनी परसदारी मध्ययुगीन थाटाचा सोहळा केला, त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ उभी राहिली. इंग्लंडात ‘सील्ड नॉट’वाले 1968 पासून राजा आणि पार्लमेंट यांच्या सतराव्या शतकातल्या लढाया सुट्टीच्या दिवशी पुन्हा लढतात. सगळ्यांत कडवे म्हणजे अमेरिकेतले, तिथल्या यादवी युद्धाचे सैनिक होणारे. टोनी हॉरविट्झ यांच्या 1998 च्या पुस्तकात असा एक गडी भेटतो, जो गणवेशाच्या पितळी बटणांवर जुनी कळा यावी म्हणून ती लघवीत भिजत घालतो. हे वाचलं तेव्हा मी आपल्या पूर्वजांना मनोमन दंडवत घातला. जाम्याला बटणं नसतात. बंद असतात.

या पंथात तारखांचं सोवळं फार कडक. मशीनवर शिवायचं म्हणावं, तर सिंगरचं पेटंट 1851 चं. टाचणी चालेल, सेफ्टी पिन चालणार नाही, कारण वॉल्टर हंटनं ती 1849 साली काढली. दुकानातला जांभळा चालणार नाही, पर्किनला कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम रंग सापडला तो 1856 मध्ये. गिरणीचं कापड नको, कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 ची. कारखान्यातली नीळ 1897 पासूनची. माझा माणूस 1790 सालात उभा आहे, म्हणजे घरात हाताला लागेल ते सगळंच ओवळं. सोवळं म्हटलं की पळवाटा आल्याच. माझी एक मैत्रीण आतली शिवण बिनदिक्कत मशीनवर मारते आणि दिसणारी तेवढी हातानं घालते. चार हातांवरून जे दिसत नाही ते घडलंच नाही, असं तिचं तत्त्वज्ञान आहे. मी तिच्याइतकी उदार नाही, पण चष्मा मात्र काढत नाही. जेवणाचा विषय तर आम्ही काढतच नाही. सेलमचे साबुदाण्याचे कारखाने 1940 च्या दशकातले, तेव्हा पेशवाईतल्या एकादशीला खिचडी बाद. याच हिशेबानं सकाळचा चहाही जातो, आणि तिथे भल्याभल्यांची इतिहासनिष्ठा डळमळते.

बरं, एवढं सोवळं पाळायचं ते कशाच्या आधारावर? इंग्लंडात जॅनेट अर्नोल्ड नावाची बाई होऊन गेली. संग्रहालयांतले मूळ झगे आतून-बाहेरून मोजायचे, शिवण कुठे उसवून पुन्हा घातली आहे तेसुद्धा टिपायचं आणि त्यांचे कट कागदावर उतरवून छापायचे, हे काम तिनं 1964 पासून पुस्तकांतून केलं. तिची पुस्तकं चाळताना मला असूया वाटते. आपल्याकडे मोजायला उरलंय काय? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात, अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात जुनी वस्त्रं आहेत. पण टिकतं ते जरीचं, समारंभाचं, जपून ठेवलेलं. रोजचं सुती अंगरखं कोण जपणार? शनिवारवाडा 1828 साली जळाला हे खरं, तरी सगळा आळ त्या आगीवर घालणं न्यायाचं नाही. खरा वणवा घरोघरच्या काटकसरीचा होता. धोतर विरलं की त्याचे पंचे, पंचा विरला की बाळाची लंगोटी, मग गोधडीच्या पोटातला थर, मग पोतेरं, आणि तरीही काही शिल्लक राहिलंच तर काकड्याच्या चिंध्या. म्हणजे ज्या पुराव्यासाठी मी तळमळते, तो आमच्या खापरपणज्यांनी पहाटे उठून भक्तिभावानं पांडुरंगापुढे जाळला. कोणाकडे जुनी गोधडी दिसली की तिचा एक कोपरा उसवून आत काय आहे ते बघावं असा मोह मला होतो. सासूबाईंनी आपल्या गोधड्या कपाटात घालून किल्ली कनवटीला लावली आहे.

पुरावा जळाला की कल्पनेला मोकळं रान. आपल्या डोळ्यांपुढचा इतिहास शिवला तो नाटक-सिनेमानं. बालगंधर्वांनी रंगभूमीवर खरे शालू आणि पैठण्या आणल्या, त्यापायी कर्जही केलं. नंतरच्या काळात ड्रेपरीवाले आले, आणि महाराज असोत की बाजीराव, सगळ्यांच्या अंगावर तीच चकचकीत साटीन आणि तीच सोनेरी लेस चढली. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. तीन प्रयोग, दोन गावं आणि एकच ट्रंक अशा हिशेबात धुऊन लगेच वाळणारं कापडच लागतं. आणि शिवणाऱ्यांची मान उंच करणारं एक उदाहरणही आपल्याकडे आहे. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे कोल्हापूरच्या भानू अथय्या, आणि ते त्यांना मिळालं ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी. ही गोष्ट आम्ही मंडळी संधी मिळेल तिथे सांगतो, न मिळाल्यास संधी निर्माण करतो.

पाडव्याच्या शोभायात्रेत मी नवऱ्याला जामा घालून उभा केला तेव्हा लेझीम पथकातल्या एकानं जवळ येऊन, कापडाला हात लावून, मनापासून विचारलं, “काका, ड्रेपरी कुठून आणलीत? भाडं किती पडलं?” नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ढोलाकडे पाहिलं.

चित्रानं तोंड फिरवलं की (खरं तर फिरवलं नाही हीच तक्रार आहे) कापडालाच विचारावं लागतं, आणि कापड चित्रकारापेक्षा प्रामाणिक असतं. हातमागावर विणकर एका हातानं धोटा फेकतो आणि दुसऱ्या हातानं झेलतो. म्हणजे कापडाचा पन्हा त्याच्या दोन हातांच्या टप्प्यापेक्षा फारसा मोठा होत नाही. इंग्लंडात जॉन केनं 1733 साली दोरीनं धावणारा धोटा काढला, तेव्हा हे बंधन सुटलं. आपल्याकडे हातानंच धोटा फेकणं पुढेही बराच काळ चाललं. आता एवढ्याशा पन्ह्यात भरपूर घेराचा जामा बसवायचा, आणि सूत तर इतकं कष्टाचं की एका विणकराला ते पुरवायला कित्येक चरखे फिरावे लागत. अशा कापडाला गोल कात्री लावून तुकडे फेकून देणारा शिंपी टिकला नसता. म्हणून अंग सरळ पट्ट्यांचं, बाह्या सरळ पट्ट्यांच्या. घेरासाठी लांब तुकडा तिरका कापला की दोन कळ्या होतात, त्यातली एक उलटी फिरवून दुसरीला जोडायची. आणि बगलेत एक चौकोन, चौबगला. तळहाताएवढा हा तुकडा नसेल तर हात वर करताच सगळा जामा वर चढतो, तो असेल तर माणूस घोड्यावर बसू शकतो, तलवार उगारू शकतो, निदान माळ्यावरचा डबा काढू शकतो. आमच्याकडे चाचणी डब्यावर झाली.

आमच्या पेठेतल्या टेलरकाकांना मी मांजरपाटाचा कच्चा नमुना दाखवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, चौबगल्यावर बोट ठेवलं. “हा आमच्या आजोबांच्या बाराबंदीत असायचा.” मग टेबलाखाली पाहिलं. “आणि चिंध्या कुठायत?” चिंधी उरतच नाही, सगळं कापड अंगावर जातं, असं मी अभिमानानं सांगितल्यावर ते गंभीर झाले. शिंप्याला कपटासुद्धा उरू नये अशा बेतानं कपडा कापणारा जो कोणी असेल तो शिंप्यांचा माणूस नव्हे, असं त्यांचं मत पडलं. मला ते पटलं. यामागे नक्की एखादा कारभारी असणार.

सूत काढण्याची बाजू घरात सासूबाईंकडे आहे. त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास होता. पेळूतून तुटू न देता धागा ओढायची ती सफाई त्यांच्या बोटांत अजून आहे, आणि त्यांची टकळी दोन्ही अर्थांनी चालते. माझा धागा मधेच जाडतो, मधेच विरतो. जामा भरायला अर्थात त्यांचं सूत पुरत नाही. तो खादी भांडारातल्या कापडाचा. पण शेल्याच्या काठात त्यांनी कातलेले काही धागे आहेत, आणि शेला कोणालाही दाखवताना त्या पहिल्यांदा काठ दाखवतात.

रंगाचा उद्योग मात्र सहकारी गृहरचना संस्थेत करण्यासारखा नाही. रेशीम आणि लोकर रंग चटकन पितात. सुताचं तसं नाही, त्याला आधी मनवावं लागतं. प्रथम हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीत, मग मंजिष्ठेत. हे सगळं जमवून खापरी लाल रंग हाताशी यावा, तर त्या दिवशी नळाला पाणी नसतं आणि टँकर येतो. बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असला की लाल रंग मलूल होतो. पेशव्यांच्या रंगाऱ्याला कात्रजच्या तलावातून नळानं येणारं पाणी होतं, त्याची मला अधूनमधून आठवण येते. काळा रंग सोपा, पण वासाचा. गंजके खिळे आणि गूळ एकत्र करून आंबवायचं, आणि हिरड्याचं कापड त्यात घातलं की बघता बघता काळं पडतं. निळीचं पिंप चुना आणि गुळावर चालतं. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तिचं विरघळणारं रूप करून घ्यायचं, ते काम गुळाकडे. कापड पिंपातून निघतं ते हिरवट-पिवळं, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. हा चमत्कार पाहायला गच्चीत मुलं जमतात, आणि त्यांच्या मागोमाग ड्रेनेज कुठे तुंबलंय ते शोधत सेक्रेटरी. वाण्याला वाटतं आमच्याकडे बारमाही संक्रांत चालते.

कुसुंब्यासाठी मी सोलापूरकडच्या एका शेतकऱ्याकडे करडईच्या पाकळ्या मागितल्या. बिया घ्या, तेल घ्या, पाला भाजीला घ्या, पाकळ्या कोण मागतं? त्याला खूप हसू आलं, तरी पिशवीभर पाठवल्या. आधी धुऊन धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग पाकळ्या खारात मळायच्या, वर लिंबू पिळायचं. मग जो गुलाबी येतो तो कुठल्या पुडीतून येणं शक्य नाही. उन्हात ठेवला की तो विटतो. लग्नाच्या दिवसापुरता रंग आहे हा, वर्षभराचा नव्हे, आणि तरीही लोक तो करत होते.

गंमत अशी, की ज्यांच्यासाठी आम्ही हा गूळ जाळतो त्या माणसांना जुन्याची बिलकूल ओढ नव्हती. मिळेल ते नवं त्यांना हवं असे. आपल्याकडची छीट युरोपात गेली तेव्हा तिथल्या बायकांनी लोकरीला रामराम ठोकला. तिथले विणकर इतके घायकुतीला आले की फ्रान्सनं 1686 साली छिटावर बंदीच घातली, ती 1759 पर्यंत टिकली. आज तिथली हौशी बाई अठराव्या शतकातला झगा शिवताना ‘परंपरागत’ म्हणून तीच छीट शोधत फिरते, जी त्या शतकात फॅशनच्या पायी चोरून आणली जात होती. नाना फडणविसांना कोणी चेनवालं जाकीट दाखवलं असतं तर त्यांनी ती चेन पाच वेळा वर-खाली करून पाहिली असती आणि किमतीत घासाघीस केली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नवऱ्याला जामा घातल्यावर पहिला प्रश्न खिशाचा आला. खिसा नाही. मग फोन कुठे? शेवटी तो शेल्यात, कमरेला. वाजला की पेशव्यांच्या कारकुनाच्या पोटातून ‘किशोरकुमार’ गातो. दुसरा प्रश्न बंदांचा. जामा हिंदूंनी डावीकडे बांधायचा आणि मुसलमानांनी उजवीकडे, असा मोगली अमलापासूनचा संकेत. जुन्या चित्रांतला माणूस कोण हे अभ्यासक त्यावरूनही ठरवतात. त्यामुळे छापखान्यात एखादं चित्र उलटं लागलं की माणसाचं एका क्षणात धर्मांतर होतं. नवरा आरशात बघून बंद बांधतो, म्हणून त्याच्या बाबतीत हे आठवड्याला घडतं. त्याला काही फरक पडत नाही. गाठ सुटली नाही म्हणजे झालं, म्हणतो.

पाठीचा प्रश्न तसाच राहिला होता. तो सुटला एका सकाळी, खाली गेटपाशी टाळ-चिपळ्या वाजल्या तेव्हा. वासुदेव. मोरपिसांची टोपी, पायात घुंगरू, आणि अंगात घेरदार, पांढरा, कमरेशी चुण्या घातलेला झगा. मी संग्रहालयांच्या चकरा मारत होते आणि हा माणूस दर वर्षी दारात येऊन ‘दान पावलं’ म्हणून जात होता. मी वाटीभर तांदूळ आणि मोजपट्टी घेऊन खाली धावले.

“बुवा, जरा पाठमोरे व्हाल का?”

त्यांनी आधी वॉचमनकडे पाहिलं. मग वळले. पाठीवर मधोमध एक शिवण. चुण्या कमरेच्या थोड्या वर, मागून पुढे आलेल्या. बगलेत चौबगला. मी मापं लिहून घेत होते आणि बुवा हात वर करून गिरक्या घेत होते, बहुधा मला घेर नीट दिसावा म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं कीर्तन आहे. त्याही तांदूळ घेऊन आल्या.

“कापड कुठलं हो?”

“टेरिकॉट, माउली.”

“सुती नाही घालत?”

“आज्याचा सुती होता. आजी खळ घालायची त्याला. पावसाळ्यात चार-चार दिस वाळायचा न्हाई. हा बघा, रातच्याला धुतला की पहाटं अंगात. तुम्ही सुती घालून पाच गावं हिंडून दाखवा, मंग बोलू.”

टेरिकॉटच्या, मशीनवर शिवलेल्या पाठीवरून 1790 सालची पाठ ठरवणं शास्त्रात बसत नाही हे मला कळतं. त्यांच्या आज्याच्या झग्यात आणि नानांच्या दरबारात शंभराहून जास्त वर्षं आहेत, शिवाय झगा आणि जामा एक नव्हेत. पण कापड बदललं, टाका बदलला, मधे दोन-तीन शिंपी बदलले, तरी चौबगला बगलेतच होता. त्या रात्री मी जाम्याची पाठ उसवली आणि मधोमध एका शिवणीनं पुन्हा घातली. हात वर केल्यावर आता मान आखडत नाही, असं नवऱ्यानं डबा काढताना सांगितलं.

पुढच्या वेळी बुवा आले ते काम घेऊनच. त्यांना माझ्या हातचा झगा हवाय. तुमचा टाका बारीक आहे म्हणाले. पण कापड टेरिकॉट, हे ठरलेलं. आत मोबाइलचा खिसा, बाहेर कमरेपाशी क्यूआर कोडचं कार्ड अडकवायला एक हूक, कारण सुटे पैसे आता कोणाकडे नसतात. आणि पुढून चेन, पितळी, मोठ्या दातांची. मी बंदांचं महत्त्व सांगून पाहिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चालताना सुटत्यात, माउली.”

कापड आणून ठेवलंय. पन्हा एवढा मोठा आहे की कळ्या जोडायची गरजच नाही, तरी मी जोडणार आहे. खिसा चौबगल्याच्या खाली बरोब्बर बसतो. हूक टेलरकाका देणार आहेत, आणि चिंध्या मिळणार हे कळल्यापासून ते या कामावर खूश आहेत. वाद फक्त चेनचा राहिलाय. बुवांना ती छातीवर मधोमध हवी, लोकांना दिसेल अशी. मी म्हणते, लावायचीच असेल तर निदान डावीकडे.